कादंबरीतल्या बायकांची शेजारीण

थांबकाकीला अक्षरओळख नव्हती. तरी तिने जेवढ्या कादंबऱ्या मध्येच अडवल्या, तेवढ्या एखाद्या नावाजलेल्या समीक्षकानेही अडवल्या नसतील. मी वाचत असायचे, नायिका उंबऱ्यात उभी राहून डोळ्यांना पदर लावायच्या बेतात असायची, आणि नेमका तेव्हाच काकीचा तंबाखूने पिवळा पडलेला हात वर व्हायचा. "थांब, मंदा." वाचन थांबायचं, नायिकेचा पदर हातातच राहायचा, आणि काकी तिचा ठरलेला प्रश्न विचारायची, "इची शेजारीन कोठी हाय?"

शेजारीण नसायचीच. काकी मला पानं मागे उलटायला लावायची, "पाय ना नीट, असन कोठीतरी." मी शोधायचे. सासू सापडायची, मोलकरीण सापडायची, एका कादंबरीत तर बोलका पोपट सापडला, पण शेजारीण काही सापडत नसे. "पोपट हाय अन शेजारीन नाही?" काकी कपाळाला हात लावून म्हणाली, "कोन लिवते बाप्पा हे!"

तिचं खरं नाव यशोदा. 'थांबकाकी' हे नाव आम्ही पोरींनी ठेवलं, मग गल्लीने उचललं, आणि तिलाही त्याचं काही वाटलं नाही. करडीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. धानाची रोवणी आटोपली की कापणीपर्यंत आमच्याकडच्या बायांचे हात मोकळे होतात, म्हणजे त्यांना विड्या वळायला वेळ मिळतो. काकीच्या घराची पुढची छपरी चांगली ऐसपैस होती. दुपारी तिथे तिघी बसायच्या. काकी, माझी आई आणि सखूआजी. सखूआजीला दात नव्हते, पण मत प्रत्येक गोष्टीवर होतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हात कामात, डोळे हातावर. रिकामे राहायचे ते फक्त कान.

"कान रिकामे राह्यले का बाया लोकायच्या सुनांवर येतेत," आई मला म्हणाली, "तू काहीतरी वाचत जाय." अशी मी आठवीत असताना छपरीची वाचक झाले. शाळेच्या कपाटातली पुस्तकं आणायचे. बहुतेकांचे पुठ्ठे गेलेले, काहींची पहिली दहा पानं गेलेली. कोणी लिहिलंय ते आम्हाला कळायचं नाही आणि त्याने आमचं काही अडायचं नाही. त्या पुस्तकांत हमखास एक बाई असायची आणि तिच्यावर संकट असायचं. कधी ती विधवा, कधी नवऱ्याने टाकलेली, कधी मोठ्या साहेबाची बायको, बंगल्यात नोकरचाकर असूनही एकटी.

त्या साहेबाच्या बायकोची गंमत मी अजून विसरलेले नाही. बाई खिडकीशी उभी राहून तीन पानं रडत होती. काकीने हात वर केला.

"खिडकीतून काय दिसते तिले?"

मी वाचून सांगितलं, "गुलमोहर."

"अन?"

"रस्ता. मग संध्याकाळ."

"एवढी मोठी खिडकी, अन त्याच्यातून एक बाई दिसत नाही?" काकीला खरोखर राग आला होता. "रस्ता हाय म्हन्ते ना थो? त्या रस्त्यानं कोनी बाजाराले जात नाही? कोनी पानी भराले जात नाही? मले त्या खिडकीत उभी कर, दहा मिनिटांत चार बाया बोलावून दाखवतो." सखूआजीने बोळक्या तोंडाने दुजोरा दिला. साहेबाची बायको बिचारी तशीच रडत राहिली.

अशी पाच-सहा पुस्तकं झाल्यावर काकीने आपला सिद्धांत मांडला. मी त्याला सिद्धांत म्हणते. ती हात न थांबवता बोलली होती. "माह्या ध्यानात आलं आता. हा लिवनारा पयले शेजारीन काढते. मंग माहेर काढते, म्हंजे बाप मेला नाहीतं भाऊ फिरला. मंग नवऱ्याचं तोंड फिरवते. हे तीन झाले का समजाचं, दहा पानांत नदी नाहीतं विहीर येते." आम्ही पुढच्या पुस्तकात मोजून पाहिलं. अकराव्या पानावर विहीर आली. "बाई कमजोर नोहोय," काकी म्हणाली, "तिले एकटी पाडली. तिनं जावं कोठी?"

आता मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. मध्यंतरी एका परिसंवादात कादंबरीतल्या स्त्रियांच्या एकटेपणावर निबंध वाचला. नायिकेची हतबलता तिच्या स्वभावातून आली असं आपल्याला वाटतं, पण त्याआधी लेखकाने तिच्या भोवतालची माणसं एकेक करून उचललेली असतात, उचलण्याचा क्रमही बहुधा ठरलेला असतो, अशी माझी मांडणी होती. अध्यक्षांना ती फार आवडली. ही कोणत्या विचारवंताची, असं त्यांनी चहाच्या वेळी विचारलं. आमच्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या एका काकीची, असं मी खरंखुरं सांगितलं. त्यांना तो माझा विनय वाटला.

सिद्धांत मांडून गप्प बसणाऱ्यांतली काकी नव्हती. तिने त्यावर उपायही काढला. पुस्तकात नवी बाई आली की ती जाहीर करायची, "इची शेजारीन मी. वाच आता." मग आम्ही पुस्तकातल्या बायका वाटूनच घेऊ लागलो. सखूआजी श्रीमंतांच्या घरच्या मागून घ्यायची, कारण तिथे चहा चांगला मिळेल असा तिचा हिशेब होता. माझ्या आईच्या वाट्याला विधवा यायच्या. सासू बोलायला लागली की काकी म्हणायची, "हं, आता मी गेलो तिच्या दारी," आणि जाऊन काय बोलली ते ती सविस्तर सांगायची. लेखकाचं चार पानांचं दुःख अशा वेळी दीड पानात आटपायचं. एक कादंबरी आम्हाला वाचून संपवायला अडीच महिने लागले, कारण तिच्यातल्या सगळ्या बायकांकडे आमचं जाणं-येणं सुरू झालं होतं.

पुस्तकातल्या बाईच्या दारी जाऊन काकी काय करायची? काहीतरी मागायची. हाच तिचा खऱ्या गल्लीतलाही रिवाज होता. घरात सगळं असून ती मागायला जायची. कोणाकडे विरजण, कोणाकडे चाळणी, कोणाकडे सुई. नव्याने गावात आलेल्यांना ती उधळी वाटायची नाहीतर विसरभोळी. आम्ही पोरी तिची नक्कल करायचो. एकदा तिच्या फळीवर मला चांगल्या दोन चाळण्या दिसल्या आणि हातात आमच्याकडून आणलेली तिसरी. मी विचारलंच, "काकी, तुझ्याजवळ आहे ना, मग मागतेस कशाला?"

"दोन पोरं लहान होते तवा तुहा काका गेला," ती म्हणाली. "तेरा दिवस लोकायनं भाजी-भाकर आनली. मले उठूच देल्लं नाही. चौदाव्या दिवशी कोनी नाही आलं. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. चूल बी नाही पेटवली. सांजच्यानं एक बुढी आली दारात. म्हन्ते, यशोदा, विस्तव दे व, माही चूल विझली. आता माह्या घरी विस्तव कोठी! पन नाही कसं म्हनाचं? उठलो, काड्या मोडल्या, चूल पेटवली. तिले निखारे देल्ले. मंग चूल पेटलीच होती तं पोरायसाठी भात टाकला." मग ती म्हणाली, "देल्लं तं बाई लाजते, मंदा. मांगतलं तं उठते." त्या दिवसापासून मी तिची नक्कल केली नाही.

काकीच्या छपरीला लागून एक कुडाची भिंत होती आणि भिंतीपलीकडे पार्बताबाईचं घर. पार्बताबाईची सून वनिता. लग्न होऊन आली तेव्हा दहावी पास झालेली, हसरी पोरगी होती. बोरिंगवर पाणी भरताना तिचं हसणं चार घरं ऐकू यायचं. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला. त्याचा फोन किराणा दुकानात यायचा आणि दुकानदार हाक मारायचा. आधी दर रविवारी, मग महिन्यातून एकदा, मग दुकानदाराने हाक मारणं बंद झालं. चार वर्षांत मूल नव्हतं. बाया विचारतात म्हणून पार्बताबाईने सुनेला कुठे बसू देणं बंद केलं, आणि घरी येणाऱ्यांना बघून असं तोंड वाकडं करायला लागली की हळूहळू सगळ्यांनी जाणं सोडलं. वनिता बोरिंगवर भर उन्हात येऊ लागली, कोणी नसताना. पुढे बाप वारला. त्या वर्षी राखीला भाऊही आला नाही.

मी तेव्हा अकरावीत होते. राखीनंतरची ती दुपार मला चांगली आठवते. मी वाचत होते आणि काकीने हात वर न करताच म्हटलं, "तीन झाले."

"कायचे तीन?" आईने विचारलं. पुस्तकात तर अजून दोनच झाले होते.

"पार्बताच्या घरचे." काकीने मानेने भिंतीकडे खूण केली. "माहेर गेलं. नवऱ्याचं तोंड फिरलं. अन शेजारीन? शेजारीन कोन तिची? आपनच ना? लिवनाऱ्यानं नाही काढली आपल्याले. आपनच निंगून आलो." विडी वळणारे तिघींचेही हात थांबले होते. काकी म्हणाली, "आता दहा पानं राह्यली आपल्यापाशी."

मला भीती वाटली. खरी भीती, पुस्तकातली नव्हे. काकी दुसऱ्याच दिवसापासून मागायला जाऊ लागली, पण पार्बताबाई तिला पुरून उरली. विरजण मागितलं की स्वतःच उठून दारात आणून द्यायची आणि सुनेला पुढे येऊ द्यायची नाही. तीन दिवस काकी वाटी भरून आणि तोंड पाडून परत आली.

भिंतीपलीकडून एक गोष्ट मात्र आम्हाला कळायची. मी वाचायला लागले की तिकडची भांडी घासायची थांबायची. वनिता ऐकत होती. त्या दिवसांत चालू असलेल्या कादंबरीत एक तरुण बाई होती, घराने एकटी पाडलेली, आणि शेवटी ती नदीत जाते. मी घरी पुढे वाचून ठेवलं होतं. मी ते काकीच्या कानात सांगितलं. काकीने सांगितलं, "थो शेवट मोठ्यानं वाचू नोको. आयकून राहिली ते." मग मी पुस्तक समोर धरून, पान उलटल्याचं नाटक करत, शेवट मनाने रचला. बाई नदीकडे निघते, वाटेत एक शेजारीण तिला पापड वाळत घालायला बोलावते, पापड सव्वाशे असतात, घालता घालता दिवस मावळतो, आणि उद्या कुरडयांना ये असं शेजारीण बजावते. सखूआजीला हा शेवट इतका आवडला की तिने लेखकाला आशीर्वाद दिला. भिंतीपलीकडे बऱ्याच वेळाने भांडं वाजलं.

आता माझा मूर्खपणा सांगते. चार दिवसांनी मी दुपारची बोरिंगवर गेले, तर वनिता तिथे होती. केस विंचरलेले नव्हते. इकडेतिकडे बघत ती म्हणाली, "मंदा, थे पुस्तक मले देतेस का? वाचून वापस करतो." माझ्याकडे कोणी आपणहून पुस्तक मागितल्याची ती पहिलीच वेळ. मला इतका आनंद झाला की मी धावत घरी जाऊन पुस्तक आणलं आणि तिच्या बादलीआड धरून दिलं. घरीही कोणाला सांगितलं नाही. आपण काहीतरी मोठं केलं या तोऱ्यात मी रात्रभर होते.

दुसऱ्या दिवशी मोहाडीला कॉलेजात बसले असताना, सर फळ्यावर भलतंच काही लिहीत असताना, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सव्वाशे पापड त्या पुस्तकात नव्हतेच. त्या पुस्तकात नदी होती, आणि ते मी माझ्या हाताने तिला नेऊन दिलं होतं.

बसमध्ये मला बसवेना. करडीच्या फाट्यावर उतरून गावापर्यंत पळत आले. छपरीत काकी आणि आई होत्या. मी रडत सगळं सांगितलं. मला वाटलं काकी मारेल. तिने एवढंच विचारलं, "बुढी घरी हाय का?"

"सकाळीच बाजाराले गेली," आई म्हणाली.

काकीने सूप बाजूला सारलं, घरातून एक वाटी घेतली आणि निघाली. आम्ही मागे. पार्बताबाईच्या दाराला आतून कडी होती. मी दार ढकलायला पुढे झाले, तर काकीने माझा हात धरला. "ढकलू नोको. मांगाले आलो आपन." आणि नेहमीच्या आवाजात तिने हाक मारली, "वनिता, विरजन दे व!"

आतून काही आवाज नाही.

"वनिता! विरजन नसन तं मीठ दे."

काही नाही. काकीचा आवाज तोच, रोजचा, थोडा त्रासलेला. "चाळनी हाय का? सुई हाय का व? खलबत्ता दे मंग! मले घाई हाय, चुलीवर ठेवून आलो मी." चुलीवर काहीही नव्हतं. गल्लीतली दोन-तीन माणसं थांबून बघू लागली. आईने तोंडाला पदर लावला होता. काकी एकामागून एक मागतच होती. तवा मागितला, उलथणं मागितलं, शेवटी पाळणा मागितला. पाळणा तर आमच्या गल्लीत तेव्हा कोणाकडेच नव्हता.

आणि आतून आवाज आला. बारीक, घोगरा. "एवढं सगळं एका वाटीत कसं नेता, काकी?"

त्या क्षणी माझ्या अंगातून जे काही सरकन उतरलं त्याला सुटका म्हणतात हे मला नंतर कळलं. कडी निघाली. वनिता दारात उभी होती. डोळे सुजलेले, केस मोकळे, पण उभी होती. काकी उंबऱ्यावर मटकन बसली. ती म्हणाली, "आता पानी दे, बाई. हे मले खरंच पायजे." वनिता हसली की रडली ते मला सांगता येणार नाही, पण ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मग माझ्याकडे न बघता तिने पुस्तक माझ्या हातात ठेवलं. मीही तिच्याकडे बघितलं नाही. शेवट वाचला का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कडी लावून ती आत काय करत होती, हेही त्या दिवशी कोणी विचारलं नाही. काकीने विचारू दिलं नाही. ती तिथेच उंबऱ्यावर बसून राहिली, पार्बताबाई बाजारातून येईपर्यंत. आल्याआल्या पार्बताबाई कडाडली, "तुमाले काय कमी हाय व, रोज मांगाले येता?"

"मानूस कमी हाय," काकी म्हणाली. "विड्यायचे कट्टे बांधाले हात पुरत नाही. तुमची सून उसनी द्या."

"सून?"

"विरजनासारखी. दिवाबत्तीले वापस करतो."

आमच्या गावात उसनं मागितलेलं नाही म्हणायची रीत नाही, आणि शेजारची चार माणसं ऐकत उभी होती. पार्बताबाईने त्यांच्याकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाली, "उद्यापासून न्या. पन दिवाबत्तीले आली पायजे."

काकीने शब्द अक्षरशः पाळला. रोज संध्याकाळी वनिताचा हात धरून ती पंधरा पावलं चालत जायची आणि दारातून ओरडायची, "घ्या व पार्बताबाई, आपली सून. कोठी खरचटली नाही, पाहून घ्या!" पहिले आठ दिवस पार्बताबाई तोंड फिरवून घ्यायची. नवव्या दिवशी म्हणाली, "आज लवकर आनली?" काकीने तो धागा पकडला. आम्हाला म्हणाली, "बुढी बी एकटीच हाय. पोरगा तिचा बी गेलाच ना सुरतेले. तिची शेजारीन कोनं काढली?" मग ती पार्बताबाईकडेही मागायला लागली. लोणच्याचं प्रमाण मागितलं, कंबरदुखीचं औषध मागितलं, सल्ला मागितला. दिवाळी झाल्यावर एका दुपारी पार्बताबाई स्वतःचं सूप घेऊन छपरीत येऊन बसली आणि सखूआजीच्या प्रत्येक मताला विरोध करू लागली. छपरीत जीव आला.

एक दिवस, वनिता कट्टे बांधत बसलेली असताना, काकी मला म्हणाली, "त्या नदीवालीचा खरा शेवट वाच आता."

मी दचकले. "काकी, नको."

"वाच. आता ते एकटी नाही आयकून राहिली. आपन पाच जनी हाओ."

मी वाचला. नदीचं पान आलं, संपलं. वनिताने मान वर केली नाही. तिला माहीतच आहे, असं मनाशी म्हणत मी पुस्तक मिटलं. मग वनिताच म्हणाली, "हे बराबर नाही लिवलं. नदीवर कपडे धुनाऱ्या बाया नव्हत्या का?" काकीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं मी पुढे चांगल्या विद्यार्थिनीकडे पाहायला शिकले.

मी भंडाऱ्याला शिकायला गेल्यावर छपरीची वाचक वनिता झाली. वर्ष-दीड वर्षाने तिचा नवरा परत आला. का गेला होता आणि कसा आला याची प्रत्येकाकडे वेगळी कथा आहे. मी त्यात पडत नाही. तो तुमसरला राइस मिलमध्ये लागला. संसार फार गोड नाही, फार कडूही नाही. एक मुलगी झाली. वनिता आता अंगणवाडीत आहे, मला फोनवर लांबलचक आवाजी निरोप पाठवते, आणि त्यांत तिचं जुनं हसणं असतं. मी मात्र तिच्याशी बोलताना कायम थोडी दबून असायचे. आपण एकदा हिला मृत्यूच्या दारात नेऊन सोडलं होतं, ही गोष्ट माझ्या मनातून वीस वर्षं गेली नव्हती.

मागच्या वर्षी धान कापून झाल्यावर थांबकाकी गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. घर माणसांनी भरलेलं होतं, छपरीत पाय ठेवायला जागा नव्हती. वनिताने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. काकीने शेवटचं काय मागितलं असं लोक विचारत होते. तिने काही मागितलं नाही. झोपेतच गेली. रडू आलं, खूप आलं, पण त्या रडण्यात बोच नव्हती. असं मरण कोणाही बाईला यावं, असं मला वाटलं.

तेरवीच्या दुपारी पंगती उठल्यावर वनिता आणि मी परसात पातेली घासत बसलो होतो. आईने घरात सगळ्यांना चहा ठेवला होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वनिता, मला माफ कर. तो शेवट मी तुला वाचायला द्यायला नको होता."

"कोनता शेवट?"

"त्या पुस्तकातला. नदीचा. तू कडी लावून बसली होतीस त्या दिवशी."

तिचे हात थांबले. "थो तं मले नंतर छपरीतच समजला, तू सगळ्यायसमोर वाचला तवा. मी पुस्तक उघडलंच नव्हतं, मंदा. तवा माह्यानं दोन ओळी वाचवत नव्हत्या."

वीस वर्षं पाठीवर बसलेलं ओझं असं राखेच्या हाताने कोणी उचलून बाजूला ठेवतं, यावर विश्वास बसायला वेळ लागतो. शेवटी मी विचारलं, "मग पुस्तक नेलंस कशाला?"

वनिताने पातेलं पालथं घातलं. "पुस्तक वापस द्या लागते ना," ती म्हणाली. "मले वाटलं, आपल्यापाशी ठेवलं तं कोनीतरी मांगाले येईन. येते का नाही थे पाहाचं होतं." मग ती माझ्याकडे बघून हसली, तेच चार घरं ऐकू येणारं हसणं, फक्त डोळे भरलेले होते. "मी मनात दोन दिवस धरले होते. तू दुसऱ्याच दिवशी आली."